सुतळी बांधलेला सर्व्हर

हसनाबादच्या ताईंमुळे मी जालन्यात टिकलो, हे आधी सांगतो. आमच्या बियाणे कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं त्यांच्याकडे. मी नववीत शाळा सोडलेला, पार चंद्रपूरकडून गोदामात पोती उचलायला आलेला. तिथून मला सर्व्हरच्या खोलीत बसवलं ते त्यांनीच. मस्तगड भागातल्या भाड्याच्या खोलीवर पाठ टेकली की एकच धास्ती असायची, उद्या काही चुकलं तर गाशा गुंडाळून गावाकडे.

सर्व्हर दोन होते. मोठ्यावर काम चालायचं आणि धाकट्यावर त्याची नक्कल आपोआप उतरायची. कुठल्या पिशवीतलं बियाणं कुठल्या शेतकऱ्याच्या प्लॉटवरचं आणि कुठल्या गाडीतून गेलं, ते सगळं या दोघांतच. तिसरीकडे कुठं नाही. पेरणीच्या तोंडावर दोघांच्याही डिस्क भरत आल्या. साहेबांना विचारून जुन्या हंगामांचा डेटा उडवला, तरी जागा जशीच्या तशी. डिस्क भरली की काम बंद, आणि बाहेर गाड्या उभ्या.

ताई तेव्हा औरंगाबादला, दवाखान्यात वडिलांच्या उशाशी. भीत भीत फोन केला. त्या म्हणाल्या, थप्पीतली मधली-अधली पोती काढली तर जमीन मोकळी होते का? थप्पी मोडून परत रचावी लागते. म्हणजे धाकट्याची डिस्क पुसायची आणि मोठ्यावरून सगळं नव्यानं उतरवून घ्यायचं. तो तयार झाला की त्यालाच मोठं करायचं, मग दुसऱ्याचं तसंच. पुसायच्या वेळी मला फोन लाव, असं बजावून त्यांनी ठेवला.

गोदामात ज्या थप्पीला हात लावायचा नसतो तिला आम्ही सुतळी बांधायचो. सर्व्हरचे दोन्ही डबे दिसायला सारखेच, म्हणून मी मोठ्याला सुतळी बांधली. जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली, काही वेळानं आली. दुपारी ताईंना फोन लावला, लाइटचंही बोलता बोलता सांगितलं. बिनसुतळीच्या डब्यावर पुसायची आज्ञा लिहिली. बोट बटणावर.

ताई म्हणाल्या, "थांब. आत्ता मोठा कोण हाय ते त्यालाच विचार."

"मोठ्याला सुतळी बांधलीय ताई."

"सुतळीला काय माहीत? लाइट गेल्ती ना सकाळी?"

लिहिलेलं खोडून विचारलं. उत्तर उलटंच आलं. लाइट गेली तेव्हा सुतळीवाल्याची बॅटरी टिकली नव्हती. तो बंद पडताच दुसरा आपोआप मोठा झाला होता. दोघांची तशी मांडणीच होती. सुतळीवाला आता धाकटा, आणि सकाळपासूनच्या गाड्यांची नोंद त्याच्यावर अजून उतरलीच नव्हती. मी पुसायला निघालो होतो तो मोठा.

ताईंना उत्तर वाचून दाखवलं. ताई रागावल्या नाहीत. मागून नर्स काहीतरी विचारत होती, तिला हळू आवाजात थांबा म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "घाबरू नको. सुतळीवाल्याला आधी बराबरीला येऊ दे, नक्कल नीट उतरतीय ते कळंल, मंग सुतळी सोड. पुसायचा तो हाच. आणि दरवेळी आधी विचारायचं, काय?"

तसंच केलं. धाकटा कोरा झाला. आता सगळा डेटा एकाच डब्यात. नक्कल उतरत होती तोवर मी वरच्या पंख्याकडे बघत बसलो, तो जरा हळू झाला तरी वाटायचं, लाइट जाते की काय. फोन ताईंनी चालूच ठेवला होता. वडिलांना पाणी पाजल्याचा, चादर सारखी केल्याचा आवाज तेवढा येत होता.

नक्कल पूर्ण झाली, डिस्क निम्मी रिकामी दिसली. नंतर दुसऱ्याचंही झालं, दोनदा विचारून. गाड्या अडल्या नाहीत, आणि मीही जालन्यातच राहिलो.

ताईंचे वडील पुढं बरे होऊन घरी आले. त्यांना परत कधी दवाखान्यात न्यावं लागू नये. पण लागलंच, तर उशाशी मी बसेन आणि ताईंना घरी झोपायला पाठवीन. त्यांना हे अजून बोललो नाही. पण ती दुपार मला फेडायची आहे, आणि मी ती फेडणार.