अपोलोनियाचा गाल

श्टाइनहोर्नमध्ये त्या वर्षी दर शुक्रवारी दुपारी सगळ्यांची नाकं फार कामात असत. शेजारच्या धुराड्यातून मासे तळल्याचा वास आला की समजायचं, आत शुक्रवारी मांस वर्ज्य मानणारा जुना धर्म शिजतोय. सॉसेजचा आला तर नवा. आणि ज्या घरातून कसलाच वास येत नाही, त्या घरावर दोन्ही बाजूंचा डोळा. लीनहार्ट झुबर चित्रकाराच्या घरातून एका शुक्रवारी मासे यायचे, पुढच्या शुक्रवारी सॉसेज. त्याची बायको फ्रेनी म्हणायची, बाजारात जे ताजं दिसतं ते मी उचलते. तळ्याकाठच्या आमच्या गल्लीत यावर एकाचाही विश्वास नव्हता. समोरच्या घरातल्या आग्ताकाकू, ज्यांना खिडकीत बसण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता, त्या म्हणायच्या की इतकं साधं कारण खरं असतं तर फ्रेनीने ते सांगितलंच नसतं.

लीनहार्ट तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा. बाप खोगीर शिवणारा. पोराचा हात सुईपेक्षा कुंचल्यावर बसला म्हणून त्याला कोन्स्टान्झला एका चित्रकाराकडे धाडलं. तिथून तो शिकून आला आणि पुढची वीस-बावीस वर्षं आसपासच्या गावांतले सगळे संत त्याच्याच हातून उतरले. आमच्या चर्चच्या उत्तरेच्या भिंतीवर त्याने नदी ओलांडणारा थोरला क्रिस्टोफर काढला होता. वरून सुरुवात केली आणि खाली भिंत संपली, त्यामुळे इतका मोठा संत गुडघ्यात आखडून चालायचा. चेहरे मात्र तो गावातलेच घ्यायचा. ज्याने काम चालू असताना वाइनचा घडा पाठवला तो शिष्यांच्या रांगेत जाऊन बसे. ज्याने घासाघीस केली तो नरकात. कातडी कमावणारा रुडॉल्फ एग्ली दोन वेळा घासाघीस करून गेला, आणि नंतर नरकाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका माणसाचं नाक पाहून गाव आठवडाभर हसलं. एग्ली पुढे नगरसभेचा सभासद झाला. नाक तेच राहिलं.

मग झुरिकच्या बाजूने नवा उपदेशक आला, मास्टर कोनराड. तरणा, सडपातळ, डोळे वाचून वाचून लाल झालेले. त्याने लॅटिन बाजूला ठेवलं आणि छापील बायबलातून आमच्या बोलीत वाचायला लागला. आजवर लॅटिन उपासना, मिस्सा, चालू असताना लोक निवांत पेंगत, कारण काही समजत नसे. आता समजायला लागलं आणि समजलेल्या गोष्टीवरून भांडणं लागली. आधी ऑर्गनला कुलूप लागलं. मग जपमाळा खिशात गेल्या. मग शाळामास्तर पोरांना ग्रीक शिकवायला लागला, जे त्याला स्वतःला आदल्या आठवड्यात आलेलं असे. शेवटी नगरसभेने ठरवलं की चर्चमधली चित्रं आणि मूर्ती निघाल्या पाहिजेत. ज्या घराण्याने जी दिली ती त्या घराण्याने आठ दिवसांत घरी न्यावी. लोकांनी नेल्या. काहींनी स्वतःच्या नेल्या, काहींनी चांगल्या नेल्या. गिरणीवाल्याच्या माळ्यावर संत ॲना अजून पिठाच्या पोत्यांना टेकून उभी आहे म्हणतात. पण भिंतीवर रंगवलेलं कोण नेणार? त्याला चुना.

आणि चुन्याचं काम सभेने लीनहार्टला दिलं. कुंचले त्याच्याकडे होते, परांची त्याच्याकडे होती, आणि दुसरं काम त्याच्याकडे नव्हतं. आपली वीस-बावीस वर्षं त्याने तीन आठवड्यांत पांढरी केली.

आता हे काम कसं करतात ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आधी लोखंडी खरवडणीने रंग खरवडायचा. मग राखेच्या कढत पाण्याने भिंत धुवायची, म्हणजे मेणबत्त्यांची काजळी आणि मेण सुटतं. मग चुन्याचे तीन हात. लीनहार्टने सगळीकडे असंच केलं. क्रिस्टोफर तर त्याने सगळ्यात आधी खरवडला, त्या गुडघ्यांपासून एकदाची सुटका म्हणून. नरकही नीट खरवडला. राहिली ती दुसऱ्या खांबावरची संत अपोलोनिया, दातदुखीची. हातात चिमटा, चिमट्यात दाढ. ती त्याने चोविसाव्या वर्षी काढली होती आणि तिचा चेहरा गावातल्या कुणाचाच नव्हता. तो कुठून आला ते लीनहार्टलाही माहीत नव्हतं. तसा चेहरा पुन्हा त्याच्या हातून उतरला नाही, आणि त्याने पुष्कळदा प्रयत्न केला होता. बावीस वर्षं गावातल्या सुजलेल्या गालांनी तिच्यापुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, त्या खांबाला गाल टेकले होते. तिच्यावर मेण, काजळी आणि माणसांच्या कातडीचं तेल यांचा एक थर बसला होता. लीनहार्टने तिचा झगा खरवडला, चिमटा खरवडला, दाढ खरवडली. हनुवटीपर्यंत आला आणि खरवडणी खाली ठेवली. चेहऱ्यावर त्याने तीनऐवजी चार हात चुना दिला आणि घरी जाऊन कुणालाही काही सांगितलं नाही.

मेणावर चुना धरत नाही. हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. लीनहार्टला वाटलं, जाड दिला की धरेल.

पुढच्या वसंतात तळ्यावरून दमट वारं आलं आणि भिंती पाझरल्या. प्रवचन चालू असताना आग्ताकाकूंना दुसऱ्या खांबावर एक गाल दिसला. पुढच्या रविवारी डोळ्याची कड दिसली. प्रवचनाला गर्दी व्हायला लागली. मास्टर कोनराड आधी खूश झाला, मग त्याच्या लक्षात आलं की सगळ्यांच्या माना डावीकडे वळलेल्या आहेत.

मग काय, तोंडं सुटली. कुणी म्हणालं, चुना सुटावा म्हणून झुबरने त्यात मुद्दाम ताक घातलं. कुणी म्हणालं, मीठ. तळ्यापलीकडच्या मठातून त्याच्या घरी वाइनचं पिंप उतरताना पाहिल्याचं तिघांनी सांगितलं. तिघांची पिंपं वेगवेगळ्या आकाराची होती. जुन्या धर्माची माणसं चमत्कार झाला म्हणून आनंदायला हवी होती, पण त्यांनाही शंका आली, की हा झुबर नव्या लोकांचा माणूस, आपल्याला गुडघे टेकताना पकडायला त्यानेच हा सापळा लावला असणार. सभेने लीनहार्टला निरोप पाठवला: आठ दिवसांनी, मंगळवारी सकाळी, चर्चमध्येच खांबाखाली चौकशी. लबाडी ठरली तर नागरिकत्व रद्द, घर आणि गाव सोडायचं. पलीकडच्या मुलखात जुना धर्म होता, तिथे जाता आलं असतं. पण तिथे सगळ्यांना माहीत होतं की श्टाइनहोर्नचे सगळे संत याच माणसाने चुन्यात बुडवले. इकडे लबाड, तिकडे पापी.

लीनहार्टला रात्रंदिवस एकच गोष्ट टोचत होती. चुना आपणहून सुटला तर खपल्या खाली पडायला हव्यात, आणि त्यांच्या कडा उसवल्यासारख्या राहायला हव्यात. इथे कडा घासल्यासारख्या गुळगुळीत होत्या. कुणीतरी हात लावत होतं. तो गल्लीतल्या प्रत्येकाच्या बोटांकडे बघायला लागला. आणि गुरुवारी जेवताना त्याला फ्रेनीची बाही पांढरी दिसली.

"हे काय?"

"पीठ."

लीनहार्टने तिचा हात ओढला आणि बाहीला जीभ लावली. जीभ चरचरली. त्याने बार्लीच्या सूपचा वाडगा बाजूला सारला.

फ्रेनीने वाडगा परत त्याच्यापुढे ओढला. "खा आधी. हो, लावला मी हात. तू काय करून ठेवलंयस ते बघायला नको का मला? तू तर सांगणार नाहीस. आणि मी एकटी नाही. जा, बस जाऊन तिथे एक दुपार, म्हणजे कळेल."

शुक्रवारी दुपारी, सगळं गाव एकमेकांच्या धुराड्यांकडे नाक करून असताना, लीनहार्ट कुलूपबंद ऑर्गनच्या मागे जाऊन बसला. पहिल्या आग्ताकाकू आल्या. मागे-पुढे पाहिलं, खांबाशेजारच्या बाकावर चढून बोटाने गाल दाबला, रंग ओला आहे की काय ते पाहायला. बोट पुसलं आणि गेल्या. मग घंटा वाजवणारा आला. त्याने नखाने थोडं उकरलं, खाली अजून किती आहे त्याचा अंदाज घ्यायला. शाळामास्तर आला, त्याने चुन्याची चिमूट हुंगली, चाखली आणि विद्वानासारखी मान हलवली. खुद्द मास्टर कोनराड रुमाल घेऊन आला आणि लबाडी कुठवर गेली आहे ते पाहण्यासाठी भुवईपर्यंत पुसून गेला. लीनहार्टवरचा संशय तपासायला आलेला प्रत्येक जण अपोलोनियाला थोडी थोडी उघडी करून जात होता.

सगळ्यात शेवटी एग्ली आला. टोपी नाकापर्यंत ओढलेली, उजवा गाल पाव फुगल्यासारखा. त्याने तीनदा मागे पाहिलं, बाकावर चढून खांब खरवडला, आणि मग तो सुजलेला गाल खांबाला लावून डोळे मिटून उभा राहिला. जुनी प्रार्थना दोनदा म्हणून होईल इतका वेळ.

फ्रेनीला हे सांगितल्यावर ती हातातली सुरी ठेवून बसली. म्हणाली, झालं तर, मंगळवारी सगळ्यांसमोर हेच सांग.

"आणि एग्ली म्हणेल, झुबर ऑर्गनमागे लपून पाळत ठेवत होता. ते खोटं थोडंच आहे?"

"मग काय करणार?"



मंगळवारी सभासद बाकांवर बसले, मागे गाव उभं. चौकशी चालवणाऱ्या एग्लीच्या जबड्याला फडकं बांधलेलं होतं, त्यामुळे प्रश्न विचारताना तो कुणावर तरी रुसल्यासारखा दिसत होता. त्याने लीनहार्टला बायबलावर हात ठेवायला लावला.

"चुन्यात काही घातलंस?"

"पाणी हो. तळ्याचं."

"मठातून वाइन आली?"

"आली असती तर तळ्याचं पाणी कशाला प्यायलो असतो?"

मागे कुणीतरी खुसखुसलं. एग्लीने फडकं सरळ केलं. "सगळं खरवडलंस?"

लीनहार्टने खांबाकडे पाहिलं. बाकांवरची माणसं पुढे झुकली. एका शब्दात सुटका होती आणि तो शब्द खोटा होता.

"तेवढा चेहरा सोडून," तो म्हणाला. "हात गेला नाही."

"भक्तीने?" मास्टर कोनराडने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला.

"नाही हो. माझं एवढं एकच काम नीट झालंय."

सभेत कुजबुज झाली. भक्ती म्हणाला असता तर त्याला शिक्षा देता आली असती, चूक म्हणाला असता तर माफी. या उत्तराचं काय करायचं ते कुणालाच कळेना. शेवटी एग्लीने ठरवलं: आत्ता, सगळ्यांसमोर खरवडायचं. खरवडलं तर गावात राहशील. नाहीतर बाहेर. शिडी आणली, खरवडणी पुढे केली. लीनहार्टने ती घेतली नाही.

मास्टर कोनराड म्हणाला, हा चुना आहे आणि रंग आहे, दुसरं काही नाही, कुणीही हे काम करू शकतो. त्याने सभासदांकडे पाहिलं. सभासदांनी छताकडे पाहिलं. प्रत्येकाच्या तोंडात दात होते आणि ते दुखावेत अशी कुणाचीच इच्छा नव्हती. घंटावाल्याने मनगट चोळायला सुरुवात केली. एग्लीने जबड्याकडे बोट दाखवून आपण आजारी असल्याचं सुचवलं. तेव्हा मास्टर कोनराड स्वतः शिडीवर चढला. आयुष्यात त्या हाताने पुस्तकापेक्षा जड काही उचललं नव्हतं. त्याने खरवडणी टोकावर धरली आणि मारली. गालाशेजारून हाताएवढा गिलावा सुटून खाली आला, आतला दगड उघडा पडला. दुसऱ्या घावाला भेग कमानीकडे धावली.

लीनहार्टने तेवढं सोसलं. तिसऱ्या घावाला तो शिडीखाली जाऊन उभा राहिला.

"उतरा खाली. सगळा खांब सोलाल तुम्ही. असं उभं नाही मारायचं, आडवं धरायचं."

मास्टर कोनराड उतरला. लीनहार्टने राखेचं कढत पाणी मागवलं. घंटावाला ते घेऊन आला, मनगट बरं झालं होतं. शिडी धरायला मात्र कुणी पुढे येईना, कारण खाली उभ्या माणसाच्या तोंडावर तिचा चुरा पडणार होता. शेवटी हुकूम ज्याचा त्यालाच धरावी लागली. एग्ली डोळे मिटून शिडी धरून उभा राहिला.

लीनहार्टने आधी मेण भिजवलं. मग हनुवटीपासून वर, पातळ पातळ, गिलाव्याला ओरखडाही न लावता, त्याने तो चेहरा उतरवला. घाई केली नाही. ओठ, गाल, एक डोळा, दुसरा डोळा. कपाळ शेवटी. चर्चमध्ये इतकी माणसं होती आणि खरवडणीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. आग्ताकाकू रडत होत्या, पण नंतर त्यांनी सांगितलं की डोळ्यात चुना गेला. त्या दहा हात लांब होत्या.

लीनहार्ट गावात राहिला. एग्लीची दाढदुखीही त्याच आठवड्यात थांबली. त्याचं म्हणणं, गावाचे दात काढणाऱ्या न्हाव्याकडून दाढ काढून घेतली. गाव अजून न्हाव्याला विचारतंय, न्हावी हसतो.

खांबावरचा फुटका गिलावा लीनहार्टनेच भरला. तो वाळल्यावर मास्टर कोनराडने ठरवलं की तिथे देवाची आज्ञा मोठ्या अक्षरांत लिहावी, म्हणजे माना डावीकडे वळल्याच तर निदान वाचायला वळतील. लीनहार्टला वाचता येत नव्हतं. शाळामास्तरने कागदावर लिहून दिलं आणि तो त्या कागदावरून एकेक अक्षर बघून काढत गेला, जसं एखाद्याचं नाक काढावं तसं. फ्रेनी गेल्या हिवाळ्यात उपदेशकाच्या वर्गात अक्षरं शिकली होती. ती खाली उभी राहून सांगायची, ते उलटं झालं, ते जरा डावीकडे घे.

पहिली ओळ झाल्यावर त्याने विचारलं, काय लिहिलंय मी?

फ्रेनीने खालूनच बोट फिरवत वाचलं, एकदा मनात, एकदा पुन्हा. मग म्हणाली, "चित्रं करू नका म्हणून आहे."

लीनहार्टने मान तिरकी करून ओळीकडे पाहिलं. पहिल्या मोठ्या अक्षराला त्याने लाल दिला होता आणि त्याचं शेपूट खाली येऊन असं वळलं होतं, की बघणाऱ्याची नजर त्याच्याबरोबर वळून परत वर जाई. ते वळण कसं आलं ते त्याला सांगता आलं नसतं.

मास्टर कोनराड कामावर नजर ठेवायला आला. त्याची नजर त्या शेपटाबरोबर खाली गेली आणि वळून परत वर आली.

"झुबर," तो म्हणाला, "हे जरा जास्तच देखणं झालंय."

"खरवडू?"

मास्टर कोनराडने मागे वळून पाहिलं. आग्ताकाकू आणि आणखी दोघी बाकावर येऊन बसल्या होत्या. तिघींना वाचता येत नव्हतं. तिघी वर बघत होत्या.

"राहू दे," तो म्हणाला. "सध्या."

लीनहार्टने शिडी उचलली आणि दुसऱ्या ओळीखाली नेली.