चोक्कट आणि परवागिल्ला

रेशमी साडी हातात आली की रखमाअक्का आधी तिचा पदर बघायच्या नाहीत की रंग बघायच्या नाहीत. टोकाचा एक धागा ओढून काढायच्या, काडी लावून तो पेटवायच्या आणि डोळे मिटून वास घ्यायच्या. गिऱ्हाईक नवीन असेल तर त्याचा जीव टांगणीला लागायचा. मी तर पहिल्या दिवशी चक्क ओरडले होते. साताऱ्याहून बदली होऊन नुकतीच म्हैसूरला आले होते, कन्नडचा गंध नव्हता, आणि लष्कर मोहल्ल्यातल्या एका अरुंद दुकानात एक अनोळखी बाई माझ्या आईची साडी जाळत होती!

"अय्यो, ओरडू नको गे," त्या माझ्याकडे न बघताच मराठीत म्हणाल्या. "फॉल लावल्यावर इस्त्री फिरवायची नाही का? किती तापवायची ते कळायला पाहिजे की. साडी वितळली तर तू मलाच धरशील." जळून उरलेलं त्यांनी दोन बोटांत चोळलं, थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "परवागिल्ला."

"म्हणजे?"

"म्हणजे काही हरकत नाही. बस, स्वल्प काफी घे."

मी खूश होऊन घरी गेले. परक्या गावात मराठी बोलणारी शिंपीण सापडली आणि आईची साडीही तिच्या परीक्षेत पास झाली, आणखी काय हवं होतं!

त्यांचं घराणं विठ्ठलभक्त शिंप्यांचं. किती पिढ्यांपूर्वी इकडे आले ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, "गोत्तिल्ला गे. आले, सुई लावली, राहिले." त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड मिसळलेलं असायचं आणि माझ्या मराठीला त्या "पुस्तकातली" म्हणून हसायच्या. कुवेंपुनगरातल्या माझ्या घरी मी एकटीच. ऑफिस सुटलं की बस पकडून त्यांच्या दुकानात जाऊन बसायची सवयच लागली. काम काही नसायचं. त्यासाठीही त्यांच्याकडे शब्द होता, "सुम्ने". म्हणजे उगीच, कारणाशिवाय. "काय गे, सुम्ने आलीस?" असं त्या इतक्या आनंदानं विचारायच्या, की कारण काढून जायची मला लाज वाटायला लागली.

एकदा एका लग्नघरची साडी आली. धागा जळला, आणि अक्कांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. "चोक्कट!" त्या म्हणाल्या. "घे, तू पण वास घे. केस जळल्यावानी येतो की नाही? हे अस्सल." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अस्सल ते चोक्कट. मग नकली ते?

"अक्का, म्हणजे माझ्या आईची साडी..."

त्या सुईत दोरा ओवत राहिल्या. "शुद्ध रेशमाचा शिक्का मारणारा काय पण मारतो गे. आई हौसेनं नेसत होती का नाही? मग परवागिल्ला." मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. त्या दिवशी त्यांचं गुपित मला कळलं, नकलीला त्या परवागिल्ला म्हणायच्या. पुढे तो शब्द ऐकून गिऱ्हाईक समाधानानं साडी घेऊन गेलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

पुढे त्यांची बोटं दुखायला लागली. आधी सकाळी आखडायची, मग दिवसभर. कात्री धरताना त्या ओठ आवळायच्या. मुलगा श्रीधर बंगळुरात कंप्युटरच्या कंपनीत होता. वडील गेल्यापासून त्याचा फोन सणासुदीलाच यायचा. बोटांचं त्याला कुणीतरी कळवलं आणि त्यानं एक तेल धाडलं. छोटीशी बाटली, झाकणात थेंब सोडायची नळी, वर हिरवं पान. सीबीडी तेल म्हणतात ते. फोनवरून कुठल्याशा डॉक्टरशी जुजबी बोलणं झालं की घरपोच येतं. लेबलावर लिहिलं होतं, शुद्ध, नैसर्गिक, वेदनांवर गुणकारी, दुष्परिणाम नाहीत.

"हे कशाचं गे?" अक्कांनी विचारलं.

"भांगेच्या जातीच्या झाडाचं. पण नशा येत नाही म्हणतात."

"अय्यो विठ्ठला! माझ्या सासऱ्यांनी विडी पण ओढू दिली नाही घरात, अन् पोरगं मला भांग पाजतं!" त्या पोट धरून हसल्या. पण जिभेखाली थेंब घेऊ लागल्या. आणि मग रोज दिवेलागणीला त्यांचा फोन वाजू लागला. "अम्मा, थेंब घेतलं? कसं हाय?" श्रीधरची मराठी अशीच मोडकीतोडकी. त्या म्हणायच्या, "परवागिल्ला रे." तो खूश व्हायचा आणि पुढची बाटली धाडायचा.

मी शेजारी बसून ते ऐकत होते. तरी मला शंका आली नाही, कारण फोन ठेवल्यावर अक्कांचा चेहरा खरंच बरं झालेल्या माणसाचा दिसायचा.

मग एका दुपारी त्यांनी बाही वर सारली आणि मला हातावर निळे-काळे डाग दिसले. कोपराजवळ एक, मनगटावर दोन. "कुठे आपटलात?" तर म्हणाल्या, "कुठे पण नाही, आपोआप येतात." त्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेलं होतं आणि रक्त पातळ ठेवायची गोळी त्या रोज घ्यायच्या. मी तेलाची बाटली उचलून त्यांच्यासमोर मशीनवर ठेवली.

"अक्का, खरं सांगा. हे तेल चोक्कट की परवागिल्ला?"

त्या पकडल्या गेल्या. थोडं हसल्या, मग हसू मावळलं. "परवागिल्ला गे," त्या हळूच म्हणाल्या. "बोटं होती तशीच आहेत. एक बाटली हिरवीगार आली, कडू जहर. दुसरी आली ती गोड्या तेलावानी. तिसरीनं तर मशीनवरच डोळा लागायचा. वरचा शिक्का मात्र तिन्हीवर एकच."

"मग घेता कशाला?"

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तेल बंद केलं तर फोन पण बंद होईल की," त्या म्हणाल्या.

मी दुकानाची फळी ओढली आणि त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी लगेच रक्त तपासलं. ते हवं त्याहून फारच पातळ झालं होतं. "तेलामुळे तुमच्या गोळीचा जोर वाढला असावा," बाई म्हणाल्या. "कुठे आत रक्तस्राव झाला असता तर जिवावर बेतलं असतं." गोळीचं प्रमाण कसं सांभाळायचं ते त्यांनी समजावलं आणि तेल बंद करायला सांगितलं. मी विचारलं, हे तेल खोटंच असतं का? त्या प्रामाणिक होत्या. काही प्रकारच्या फिट्सवर त्यातल्या द्रव्याचं नीट तयार केलेलं औषध उपयोगी पडतं, म्हणाल्या, पण सांधेदुखीवर अजून भरवशाचा पुरावा नाही. "आणि बाटलीत लेबलाप्रमाणेच माल आहे, हे मी तरी कशावरून सांगू?"

बाहेरच्या बाकावर बसून अक्कांनी स्वतःच श्रीधरला फोन लावला. फोन कानाला लावायचं न सुचून त्यांनी आवाज मोठा केला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"श्रीधरा, तुझं तेल परवागिल्ला."

"हां अम्मा, म्हणजे आणखी धाडू?"

"बेडा, नको. ऐक नीट." मग त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांपासून लपवलेला अर्थ मुलाला सांगून टाकला. धागा, वास, चोक्कट म्हणजे काय आणि परवागिल्ला म्हणजे काय. डागांचंही सांगितलं. पलीकडून "सॉरी अम्मा" एवढंच आलं. आता फोन तुटणार या भीतीनं अक्का घाईघाईनं म्हणाल्या, "तुझी चूक नाही रे राजा. तू माया धाडलीस, बाटलीवाल्यांनी आत काय की भरलं. तेल नको धाडू. फोन मात्र कर. तेलाचं विचारायला नको, सुम्ने कर."

तो त्या रविवारी आला. पुढे रोज दिवेलागणीला फोनही येत राहिला. सुरुवातीला दोघांनाही बोलायला विषय सापडायचा नाही. जेवलास काय, पाऊस आहे का, एवढंच. मग हळूहळू तो कंपनीतल्या कटकटी सांगू लागला, आणि अक्का मान डोलावत "हौदा? हौदा?" म्हणजे "हो का? हो का?" करत ऐकायच्या, जणू त्यांना सगळं कळत होतं. बोटं शेवटपर्यंत दुखली. कोमट पाण्यात हात बुडवून बसायच्या, जाड कापड शिवायचं सोडून दिलं. पण कसं आहे विचारलं तर आम्हा दोघांना तरी खरं सांगायच्या. "दुखतंय गे आज. फार दुखतंय." ते ऐकून मला वाईट वाटायचं, आणि आपल्याला हे सांगितलं जातंय याचं बरंही वाटायचं.

गेल्या थंडीत त्या गेल्या. झोपेतच, हृदय बंद पडून. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी त्या रस्त्यानं जाणं टाळते, तरी कधी बस तिकडून वळते आणि मान आपोआप खिडकीकडे जाते. म्हैसुरात माझ्या ओळखी पुष्कळ झाल्या, कन्नडही बऱ्यापैकी येतं. पण "काय गे, सुम्ने आलीस?" असं विचारणारं कुणी नाही. कारण नसताना जावं असं ठिकाण एकच होतं आणि ते गेलं. फार आठवण येते त्यांची.

परवा दिवेलागणीला माझा फोन वाजला. श्रीधर होता. काही काम होतं का, मी विचारलं.

"नाही. सुम्ने केला," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कसं हाय तुम्ही?"

"परवागिल्ला," मी म्हटलं.

अक्कांनी त्या शब्दाचा खरा अर्थ त्यालाही सांगितला होता. तो त्याच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाला, "मला पण."