नणंदबाईंचा रिकामा डबा

१९ सप्टेंबर १९९६. पावसाने उघडीप दिली म्हणून आज कोठीच्या फळ्या पुसायला काढल्या. डबे उतरवायचे, पुसायचे, डाळींना ऊन दाखवायचं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायचे, एवढंच काम. पण सगळ्यात वरच्या फळीवरून तो पत्र्याचा डबा हाती आला आणि काम तिथेच अडलं. डबा माझा नाही. आमच्या घरात पन्नासएक वर्षं आहे, पण आमच्या घराचाही नाही. तो कुणाचा हे सांगायचं तर माझ्या नणंदेबद्दल सांगावं लागेल, आणि माझ्या नणंदेला गप्प बसवील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी स्वतः लग्न होऊन आल्यापासून प्रयत्न केला. आमच्या ह्यांनी तर लहानपणीच सोडून दिला. काही तक्रार घेऊन गेलं की पेपरातून मान वर न करता म्हणतात, "ताई आहे ती." जसं काही हे तक्रारीचं उत्तर आहे.

पनवेलहून विचुंब्याकडे जाताना आंब्याची झाडं असलेला एक जुना बंगला लागतो. तिथे आमची मिशनरी प्रशिक्षणाची शाळा भरते. केरळपासून मणिपूरपर्यंतची तरुण मुलंमुली येतात, तीन महिने पवित्र शास्त्र शिकतात, भांडी घासतात, संडास धुतात, एकमेकांशी भांडतात, एकमेकांना क्षमा करतात, आणि मग तुकडी करून दोन महिने परदेशी सेवेला जातात. मी तिथलं स्वयंपाकघर बघते. दोन वर्षांपूर्वी केनियाला जाणाऱ्या तुकडीत माझ्या नणंदेने नाव घातलं. वय अठ्ठावन्न. आयुष्य नगरकडे बालवाडी चालवण्यात गेलेलं, लग्न केलेलं नाही, निवृत्त होऊन सहा महिने झालेले. मला आधी कळवलंसुद्धा नाही. एक दिवस दारात रिक्षा थांबली, आतून वळकटी उतरली, विळी उतरली, मग हा डबा उतरला, आणि शेवटी त्या उतरल्या. मला म्हणाल्या, "सलाम, वहिनी. तोंड असं का केलंस? मी पाहुणी नाही, विद्यार्थिनी आहे."

पाहुणी असत्या तर बरं झालं असतं. पाहुणे जातात.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्या. बालवाडीत वाजवतात तशा, दोन सावकाश, तीन भरभर. त्यात काय जादू होती कोण जाणे, मोठमोठी मुलं चिडीचूप झाली. "हात पुढे. नखं बघू." वीस-बावीस वर्षांच्या, मिशा फुटलेल्या मुलांनी हात पुढे केले. शाळेचे प्रमुख आमचे सर, शांत स्वभावाचे मलयाळी गृहस्थ, रांगेत शेवटी उभे होते, त्यांनीही केले. त्यांच्या अंगठ्याला शाई होती म्हणून त्यांना परत पाठवण्यात आलं. त्या दिवसापासून सगळी शाळा नणंदबाईंना आत्या म्हणायला लागली आणि सरांच्या खिशात साबणाची वडी दिसायला लागली.

पण सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे त्यांची प्रार्थना. आमच्याकडे जेवणाआधी पाळीपाळीने एकेकाने प्रार्थना करायची असते. देवाचे आभार मानायचे आणि जेवायला बसायचं. नणंदबाई जगातली सगळी दुखणी एकेक करून देवाच्या कानावर घालत. शेजारच्या म्हशीचा पाय, कोन गावच्या भाजीवालीची सून, मणिपूरच्या मुलीची घरची आठवण. तोवर भात गार. एकदा तर सगळ्यांच्या देखत, डोळे मिटून, अगदी कळवळून म्हणाल्या, "हे प्रभू, वहिनीचा हात मिठाच्या बाबतीत आखडला आहे. तू तो मोकळा कर." सगळे म्हणाले, "आमेन." आता प्रार्थनेत कुणाला मध्येच तोडता येत नाही. मी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले. माझी पाळी आली तेव्हा मीही डोळे मिटून म्हणाले, "स्वर्गीय पित्या, ज्यांना मीठ कमी वाटतं त्यांच्या हाताशीच तू मिठाची वाटी ठेवली आहेस. ती बघायला त्यांना दृष्टी दे." त्यालाही सगळे म्हणाले, "आमेन." नणंदबाईंचा आमेन सगळ्यात मोठा होता. जेवताना म्हणाल्या, "छान केलीस हो प्रार्थना. मीठ दे जरा इकडे."

केनियाची भाषा म्हणून वर्गात चार शब्द शिकवले होते. त्यांनी त्यातला 'जांबो' उचलला, म्हणजे नमस्कार, आणि पनवेलच्या बाजारात त्याचा सराव सुरू केला. वांगी निवडताना जांबो, बसमध्ये चढताना जांबो. एका भाजीवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाय, आजींची तब्येत बरी हाय ना?" मी म्हटलं, "तब्येतीला काही झालेलं नाही. पहिल्यापासून अशाच आहेत."

ह्या सगळ्याच्या मुळाशी तो डबा. त्या लहान असताना त्यांच्या गावच्या मिशन दवाखान्यात एक गोऱ्या मॅडम होत्या. एका नाताळला मॅडमनी ह्या डब्यात घालून केक दिला. माझ्या सासूबाईंनी करंज्या करायला घेतल्या, कारण आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही घराची रीत. पण करंज्या व्हायच्या आत मॅडम आजारी पडून बोटीने मायदेशी गेल्या, आणि पुढे कळलं की तिकडेच वारल्या. डबा राहिला. सासूबाईंनी त्यात कधी सुई-दोरासुद्धा ठेवला नाही. मी नवी नवरी असताना त्यात जिरं भरलं होतं, तर नणंदबाईंनी सगळं जिरं ताटात ओतून मला डबा दाखवला होता. "आपला नाही तो. आपल्याकडे नुसता राहिलाय."

आता हा डबा भरून त्यांना समुद्रापार न्यायचा होता. मी म्हटलं, "ताई, त्या बाई केनियाच्या नव्हत्या. आणि आता ह्या जगातही नाहीत."

"मला काय कळत नाही? पण ती बाई आपल्या दाराशी आली होती ना? कुणीतरी कुणाच्यातरी दाराशी जायला नको? आपलं जाणं राहिलंय, वहिनी. आई तर तेवढं मनात घेऊनच गेली."

मी कणीक मळत होते.

अडचण वेगळीच आली. परक्या भाषेच्या देशात बोलून भागत नाही, म्हणून तुकडी एक मूकनाट्य बसवते. त्या वर्षी येशूने सांगितलेली गोष्ट होती: लुटारूंनी मारून वाटेत टाकलेला माणूस, त्याला पाहून न पाहिल्यासारखं करून पुढे जाणारे दोघे, आणि मग तिसरा, परका शोमरोनी, जो थांबतो आणि त्याला उचलतो. नणंदबाईंना तोंड मिटून करता येईल असं एकही काम सापडेना. शेवटी सरांनी त्यांना जखमी माणूस केलं. पडून राहायचं, बस. सरांनी बजावलं होतं, "आत्या, एकसुद्धा शब्द नको. शब्द आला की नाटक संपला." निघण्याच्या पंधरवडाभर आधी रंगीत तालीम मोरा बंदराच्या धक्क्यावर ठेवली. लाँचची वाट बघणारी माणसं तिथे आयती बसलेली असतात. मी जेवणाचे डबे घेऊन बरोबर गेले होते.

भर उन्हात नणंदबाई धक्क्यावर आडव्या झाल्या. कपाळावर बीटाचा रस. पहिला मुलगा आला, बघितलं, गेला. दुसरी मुलगी आली, बघितलं, पदर सावरून गेली. समोर टोपली घेऊन एक कोळीण बसली होती. ती एकदम उठली.

"अगो बाय, म्हातारी पडली हाय नि ही पोरा निस्ती बघत चाललीत! लाज नाय वाटत? आईबापानी ह्याच शिकवला काय?"

आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती थेट नाटकात शिरली. नणंदबाईंचं डोकं मांडीवर घेऊन त्यांच्या तोंडाला तांब्या लावला. मुलं जागच्या जागी थिजली. नणंदबाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि हळूच म्हणाल्या, "अहो बाई, थांबा जरा. अजून तिसरा यायचाय."

"तिसरा कवा यायचा? तवर मरशील ना!"

"तोच उचलणार आहे मला."

"मी उचलतंय ते नाय चालत काय तुला?"

धक्का हसून हसून लोळला. शोमरोनी झालेला मुलगा कापडाची पट्टी हातात धरून तसाच उभा. तेवढ्यात लाँच लागली, सगळे तिकडे धावले, आणि कोळीण टोपली डोक्यावर घेताना वळून ओरडली, "म्हातारीला सावलीत न्या रं!" नणंदबाई उठून बसल्या आणि त्यांनी तिला हात हलवून जांबो केलं.

त्या संध्याकाळी सरांनी त्यांना बोलावून सांगितलं की ह्या वेळी त्यांनी इथेच राहून प्रार्थना करावी. बोलणं सौम्य होतं, पण नाव काढलं होतं.

मला वाटलं, आता प्रार्थनेत सरांची खैर नाही. पाळी नणंदबाईंचीच होती. त्या उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "प्रभू, जेवणाबद्दल आभार. आमेन." त्या दिवशी सगळ्यांनी वाफाळता भात खाल्ला. दुसऱ्या दिवशीही. टाळ्या नाहीत, नखं नाहीत. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी भाजीत मीठ चाखलं आणि काही न बोलता गेल्या. डबा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून वळकटीत गेला. इतकी वर्षं मी ज्या शांततेसाठी देवाकडे भीक मागितली ती अशी दोन दिवस मिळाली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी हात पुसून सरांच्या खोलीत गेले.

"सर, आत्यांना घेऊन जा."

"ताई, नाटकात बोलतात त्या."

"मग नाटकात घेऊ नका. गर्दीत उभ्या करा आणि बोलू द्या. त्या धक्क्यावर तुमच्या बाकीच्या मुलांशी कोण बोललं, सांगा."

सरांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. शाई लागलेलीच होती. मग म्हणाले, "भाषा?"

"ती त्यांना अजून कुठे अडली नाही. आणि हे बघा, त्या दोन महिने इथे गप्प बसणार असतील तर मी निघाले. नवी स्वयंपाकीण शोधा."

सर हसले. पण नियम तो नियम. प्रत्येकाने आपलं सामान स्वतः उचलून बंगल्याच्या फाटकापासून विचुंब्याच्या फाट्यापर्यंत चालून दाखवायचं. ज्याला जमत नाही तो जात नाही. नणंदबाईंचे गुडघे तेव्हाच कुरकुरायचे. त्या चालण्याच्या आदल्या दिवशी मी करंज्या केल्या. मोठा घाणा होता म्हणून कडा कातणाने कापत होते. चाक फिरवलं की काम झालं. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "कातणाने? अगं, दुसऱ्याच्या दारात जायच्या करंज्या ह्या. मुरड घालावी." मी म्हटलं, "मुरड घालत बसले तर विमान जाईल." त्यांना मस्त राग आला, आणि मला मस्त बरं वाटलं. डबा मावावा म्हणून त्यांनी बॅगेतून स्वेटर काढला, दोन साड्या काढल्या, आणि चालल्या. मी मागून. सर सायकल हातात धरून. त्या मधेच थांबत होत्या. पण दम लागला म्हणून नाही, ओळखीचं कुणी दिसलं म्हणून, असं दाखवत होत्या. एका अनोळखी बैलाचीसुद्धा चौकशी केली. फाट्यावर बॅग खाली ठेवली आणि सरांना म्हणाल्या, "हात दाखवा बघू."

दोन महिन्यांनी तुकडी परतली. सगळी पोरं रापलेली, वाळलेली. ह्याच तेवढ्या होत्या तशा. माझ्या हातात डबा दिला. जड लागला. उघडला तर आत शेंगदाणे, भाजलेले, लालसर, काठोकाठ.

"कुणाला दिला होतात?"

"एक म्हातारी होती. तिचं मला कळेना, माझं तिला कळेना. अख्खी दुपार बोललो. करंजी मोडून तिने आधी नातवंडांना दिली, मग स्वतः खाल्ली. निघताना डबा घेऊन आली. रिकामा कसा देईल गं? ती काय आपल्यापेक्षा वेगळी आहे?" आणि वर म्हणाल्या, "झाली की नाही पंचाईत! आता पाळी पुन्हा आपली."

दाण्यांची चटणी झाली, संपलीसुद्धा. नणंदबाई नगरला परत गेल्या. जाताना डबा स्वतः स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, मी खालून ओरडत असताना. त्यांचे गुडघे आता पुरते गेले आहेत. अंगणापलीकडे जाता येत नाही. फोनवर बोलतात, लांबलचक, आणि शेवटी विचारतात, "डब्यात काही भरलं तर नाहीस ना?" नाही भरलं. जिरंसुद्धा नाही. इथे जेवण आता वेळेवर होतं आणि भात गरम असतो. कुणी काही म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात एक तुकडी पुन्हा केनियाला जायची आहे. त्याच भागात, सर म्हणाले. मी आज डबा चिंचेने घासला, उन्हात पालथा घातला, आणि संध्याकाळी फळ्या लावताना तो वर ठेवला नाही.

२० सप्टेंबर. सकाळी रवा भिजवला, खोबरं किसलं. कातण खणात होतं, ते तिथेच राहू दिलं. प्रत्येक करंजीला हाताने मुरड घातली. नाश्ता उशिरा झाला.