चेंडूची शिवण आणि माझा बाप

माझी पिशवी त्यांनी टेबलावर उलटी केली. पांढरी विजार पडली, बूट पडले, डब्यातली उरलेली पोळी पडली आणि शेवटी आरी पडली. क्लबचे सेक्रेटरी मित्रबाबू यांनी ती उचलली. हाताने नाही. रुमालाने.

“एटा की?” हे काय, असे त्यांनी विचारले.

“आरी है, सर. जूते सीने की.”

मागून कोणीतरी हसले. “चमार का बेटा बॅग में और क्या रखेगा?”

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. कलकत्त्याच्या मैदानावर आमच्या कचेरीच्या क्लबचा तंबू होता. मी मध्यमगती गोलंदाज, खेळाडू म्हणूनच कारकुनीवर लागलेला आणि अजून नोकरीत कायम न झालेला. वडील नागपूरच्या इतवारीत चपला शिवत. ते वारले तेव्हा आई आणि बहीण गार्डन रीचच्या माझ्या भाड्याच्या खोलीत आल्या. तिघांचे पोट त्या कच्च्या नोकरीवर होते.

आदल्या दिवशीच्या सामन्यात चहापानानंतर माझ्या चेंडूंवर समोरचे फलंदाज भराभर बाद झाले. त्यांनी तक्रार केली, की चेंडू जास्त वळावा म्हणून त्याची शिवण मुद्दाम उचकटून वर काढली आहे. पंचांनी पाहिले, एका बाजूला शिवण खरोखरच फुगलेली होती. क्लबवर बंदी यायची नसेल, तर दोषी म्हणून एका माणसाचे नाव हवे होते.

ते माझेच का, हे सांगायला हवे. आमच्याकडे सरावाचे उसवलेले चेंडू फेकत नसत. ते माझ्याकडे येत. “हे तुझ्या हातचंच काम,” असे म्हणून मित्रबाबूंनी पहिला चेंडू माझ्या मांडीवर टाकला होता, आणि लिहितानाही मान खाली जाते, पण मला तेव्हा आनंद झाला होता. आपण यांच्या उपयोगी पडतो, असे वाटले होते. इतर जण नेटमध्ये खेळत. मी कोपऱ्यात बसून टाके घालत असे. क्लबच्या कामासाठी पिशवीत राहिलेली आरी आता माझ्याविरुद्ध पुरावा झाली.

क्लबचे एक सभासद रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी चेंडू भिंगाखाली पाहिला. दोरा तुटलेला नव्हता. छिद्रे मोठी झालेली नव्हती. त्याच खोक्यातला दुसरा चेंडू त्यांनी भिजवून वाळवला, तर त्याचीही शिवण काहीशी फुगली. त्या दिवशी गवत ओले होते.

“ओलीने झालं असावं, असं मला वाटतं,” ते म्हणाले.

“आरीने झालंच नाही, असं शपथेवर सांगाल?” मित्रबाबूंनी विचारले.

प्राध्यापक प्रामाणिक होते. म्हणाले, “शपथेवर नाही सांगता येणार.”

“बस. मग परिस्थिती काय सांगते ते पाहू.” मित्रबाबूंनी आरीकडे बोट दाखवले, मग माझ्याकडे.

मी काही केले नव्हते. तरी इतकी माणसे आपल्याकडे तसे पाहू लागली की स्वतःच्याच हातांचा संशय येतो. मी माझे हात पाठीमागे लपवले.

आमच्या कचेरीतले एक मराठी साहेब क्लबच्या चौकशी समितीवर होते. ते मला बाहेर घेऊन गेले. आवाज मायेचा होता.

“अरे, इथे आपण मूठभर मराठी माणसं. गवगवा कशाला? माफीपत्रावर सही कर, एक मोसम खेळू नकोस. नोकरीचं मी बघतो.”

“आणि नाही केली तर, साहेब?”

“तर आईला नागपूरची गाडी दाखवावी लागेल.” मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मनाला लावून घेऊ नकोस. तुम्हा लोकांचा हात आपोआपच चालतो. रक्तातच असतं ते.”

मी आत गेलो. पेन हातात घेतले. मी सही करणार होतो. आईचा चेहरा डोळ्यांपुढे होता. सवयीने कागद आधी वाचला. त्यात लिहिले होते, ‘वडिलोपार्जित धंद्यातील कौशल्याचा गैरवापर करून’. प्राध्यापकांचे भिंग त्यात नव्हते. ओले गवत नव्हते. माझा मेलेला बाप मात्र होता, ज्याने उभ्या आयुष्यात क्रिकेटचा चेंडू हातात धरला नव्हता.

पेन खाली ठेवले. म्हणालो,

“प्राध्यापकसाहेबांनी जे पाहिले ते यात लिहा. क्लबचे चेंडू मला कोणी शिवायला लावले तेही लिहा. बापाचे नाव काढा. तोवर सही नाही.”

“तोमार साहस तो कम नय,” मित्रबाबू म्हणाले. हिंमत कमी नाही तुझी. मी उभ्या जागी थरथरत होतो, आणि त्यांना हिंमत दिसत होती.

त्यांनी कागद बदलला नाही, मी सही केली नाही. संघातून मी गेलो. कायम होण्याचा हुकूम लांबत राहिला. कितीतरी महिने शिपाई टेबलाशी आला की मी आधी त्याच्या हातातल्या कागदाकडे पाही. आई विचारी, “साहेब रागावलेत का रे?” मी नाही म्हणत असे.

आज माझी पन्नाशी उलटली. भीती गेली, असे मी लिहिणार नाही. चौकशी हा शब्द ऐकला तरी तळवे ओले होतात. त्या शिवणीला काय झाले, हे मला आजही ठाऊक नाही. ज्याला ठाऊक नसेल त्याने तसे म्हणावे, जसे प्राध्यापकांनी म्हटले. पण न कळलेल्या जागी माझा बाप बसवून कोणाला निकाल देता येणार नाही. असा कागद पुन्हा समोर आला, तर मी घाबरेन, कापेन, आणि सही करणार नाही.