पाठ कोण बघतं?

"पाठ कोण बघतं?" हे तीन शब्द मी लग्न होऊन पेणला आल्यापासून ऐकते आहे, आणि ऐकले की आजही माझं डोकं फिरतं. गणपतीच्या कारखान्यात ते दिवसातून दहादा कानावर पडतात. मूर्तीच्या पुढच्या अंगाला चार हात लागतात. मुकुटाला वेगळा माणूस, डोळ्यांच्या आखणीला वेगळा कारागीर. आणि पाठ? तिच्यावर पिवळा हात फिरवायचा आणि मूर्ती फळीवर सरकवायची. कुणी काही बोललंच तर उत्तर तयार असतं: मखरात बसला की मागे भिंत, पाठ कोण बघतं?

मी बघते. लहानपणापासून बघत आले आहे.

माझं माहेर रोह्यापलीकडच्या एका गावात. भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरायचा, एवढं आमचं शेत. गणपती आणायला वडील रोह्याच्या बाजारात जायचे आणि मी हट्टानं बरोबर. आता गणपती आणायची रीत अशी, की त्याचं तोंड आणणाऱ्याकडे आणि पाठ रस्त्याकडे. तोंडावर रुमाल. तो थेट घरात पाटावर बसल्यावरच काढायचा. वडील मूर्ती छातीशी धरून चालायचे आणि मी पुढे झांजा वाजवत, पण तोंड मागे करून, उलटी. "पुढं बघ गो, पडशील," असं वडील बांधाबांधावर ओरडायचे. मी कसली ऐकते! घरी रुमाल निघेपर्यंत गणपती म्हणजे मला ती पाठच. पिवळा पीतांबर आणि त्याच्यावर कुणीतरी हातानं काढलेला सोनेरी काठ. वाटेतल्या घरांतून बायका बाहेर यायच्या, हात जोडायच्या, त्या कुणाला? पाठीलाच की. दुसरं काही दिसतच नव्हतं.

पेणला आले तेव्हा सासूबाई कारखान्यात लहान मूर्ती रंगवायच्या. वीतभर उंचीच्या, काही त्याहूनही लहान. मोठ्या मूर्तीला लेस चिकटवता येते, खडे लावता येतात. वीतभर मूर्तीच्या मांडीवर कसली लेस बसणार? तिथे झिरो नंबरचा ब्रश आणि माणसाचा हात, बस्स. सासूबाई धरमतरच्या खाडीकडच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. त्यांची बोटं जाडजूड, मिठानं चिरलेली. पण त्या बोटांनी काढलेली रेघ बघितली असती तर तुम्ही तोंडात बोट घातलं असतंत. त्यांनी मला शेजारी बसवलं. "आधी करंगळी टेक गो. करंगळी बसली की बाकीची बोटं फिरतात. आन् रेघ वडताना श्वास सोडायचा, धरायचा नाय."

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली, ती मात्र कारखान्यात दुसरं कुणी करत नव्हतं. काठ कुठूनही सुरू केला तरी फिरून येऊन कुठेतरी जुळतोच, आणि जुळताना हमखास चुकतो. शेवटचं फूल अर्धं राहतं नाहीतर दोन पानं एकमेकांवर चढतात. पाठीपर्यंत काठ नेणारे जे थोडे होते ते पुढून सुरुवात करायचे, म्हणजे तो चुकलेला सांधा पाठीवर जायचा. सासूबाई पाठीच्या मधोमध सुरू करायच्या, दोन्ही बाजूंनी पुढे यायच्या आणि सांधा दुमडलेल्या पायाच्या खाली, सावलीत बसवायच्या. "आपली चूक देवाच्या पाठीवर कशाला लादायची?" असं म्हणायच्या.

त्यांच्या डोळ्यांवर सारा येऊन दिसेनासं झालं तशी त्यांची जागा मी घेतली. काठावर काय काढायचं ते मी माझं ठरवलं. वालाची वेल. दोन पानं, एक फूल, एक वाकडी शेंग, परत दोन पानं. शेठनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, पहिल्यांदा बघितलं तेव्हा कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? गणपतीच्या पीतांबरावर वाल?"

"मग काय झालं? त्याला वालाचं बिरडं आवडत नाय व्हय?" म्हटलं.

शेठ हसले. तेव्हा हसायचे. स्वतः चांगले कारागीर होते, हात थरथरायला लागेपर्यंत आखणी तेच करायचे. माझी वेल राहिली आणि पुढे कितीतरी वर्षं त्या कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक लहान गणपतीच्या पाठीवर ती चढली.

मग शेठचा मुलगा आला. नागोठण्याकडे कंपनीत शिफ्ट करून कंटाळला आणि घरच्या धंद्यात उतरला. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल बाई खार खाऊन आहे. खार खाऊन होतेच, पण ते वेगळं. त्यानं कंप्रेसर आणला, रंग उडवायची गन आणली आणि प्लास्टिकच्या स्टेन्सिली आणल्या, कोयऱ्यांच्या. स्टेन्सिल मांडीवर दाबायची, फुस्स करायचं, काठ तयार. मोठ्या मूर्तीवर बरं दिसायचं, खोटं कशाला बोलू? पण लहान मूर्तीची मांडी गोल. तिच्यावर प्लास्टिक बसेना, रंग खालून सरकला आणि कोयऱ्यांची पोटं सुटली.

"ह्या कोयऱ्या हायत का वांगी?" मी विचारलं.

सगळा कारखाना हसला. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझं चुकलं असेल, चारचौघांत बोलायला नको होतं. पण जीभ माझीच, कधी ऐकली आहे?

दोन दिवसांनी त्यानं सांगितलं, "काकू, यापुढे लहान मूर्तींना पुढून स्टेन्सिल. पाठ कोरीच ठेवायची. तुम्ही पाठीवर घालवता तेवढ्या वेळात माझ्या चार मूर्ती होतात."

मी ऐकलं आणि पाठी रंगवत राहिले. त्यानं परत सांगितलं. मी परत ऐकलं. शेवटी तो शेठना घेऊन आला. मी शेठकडे बघितलं. म्हटलं हे बोलतील, ह्यांना कळतं. शेठ माझ्याकडे न बघता फळीकडे बघत म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. पाठ कोण बघतं?"

ते दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. शेठ म्हणाले म्हणून ब्रश खाली ठेवला.

मला पॅकिंगला बसवलं. खोक्यात कागदाचा चुरा घालायचा आणि मूर्ती जपून ठेवायची. कोरी पाठ, चुरा, झाकण. परत कोरी पाठ. चार दिवस मी गप्प बसले, हे माझ्या घरच्यांना अजून खरं वाटत नाही. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले, तेव्हा मी तीन मूर्ती घेतल्या आणि पाठीवर वेल काढली. तिसरीची शेवटची शेंग राहिली होती तेवढ्यात शेठ दारात.

"एकदा सांगितलेलं कळत नाय तुला? ब्रशला हात लावायचा नाय. परत लावलास तर उद्यापासून येऊ नको."

मी ब्रश धुतला, पदराला पुसला आणि सगळ्यांदेखत अंबाड्यात खोचला.

घरी आल्यावर मात्र रडले. रागानं रडले. पेणमध्ये कारखान्यांना तोटा नाही, पॅकिंगचं काम कुठेही मिळालं असतं. पण ब्रश गेला तर मी कोण? खोकी भरणारी एक बाई. एवढ्या वर्षांत माझं म्हणावं असं माझ्याकडे काय होतं, तर वालाची ती वेल. तीही कोणी माझ्याकडून काढून घ्यायची? आणि एका पाठीचं काय घेऊन बसलात, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज पाठ कोरी, उद्या बाजू कोरी. माझ्यामागून येणाऱ्या बायकांना कळणारसुद्धा नाही, की इथे काही काढायचं असतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवताना थांबल्या. "अंबाड्यात काय खुपसलंस?"

"ब्रश."

"राहू दे तिथंच. लागंल."

त्या दिवसापासून मी रोज ब्रश अंबाड्यात घालूनच कामाला गेले. शेठ बघायचे, मुलगा बघायचा. ब्रशला हात लावायचा नाही म्हणाले होते. केसात घालायचा नाही असं कुठे म्हणाले होते?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं गिऱ्हाईक गेलं. त्यानंतर शेठ आपल्या घरचा गणपती उचलतात. त्यांच्या घरात त्यांच्या वडिलांपासूनची एक रीत आहे: घडवणाऱ्यानं निवडायचा नाही, सगळ्यांचे गेल्यावर जो उरेल तो आपला. दरवर्षी एखादा लहान गणपतीच उरायचा, आणि कुठलाही उरला तरी त्याच्या पाठीवर वेल असायचीच. त्या वर्षीही एक लहान उरला. शेठनी त्याला पाटावर घेतलं, तोंडावर रुमाल टाकला, तोंड स्वतःकडे केलं आणि बाहेर पडले. पुढे झांजा. पाऊस उघडलेला, सगळी आळी दारात.

मी रिकामी खोकी रचत दाराशीच होते. पाठ माझ्यासमोर आली. पिवळी, कोरी, आणि पुढच्या स्टेन्सिलची सोनेरी धूळ बाजूनं मागे उडालेली, तीही कुणी पुसली नव्हती. मी खोकी टाकली आणि शेठच्या वाटेत जाऊन उभी राहिले.

"शेठ, थांबा."

"काय झालं?"

"पाठ कोरी हाय."

"आता? बाजूला हो. पाठ कोण..." आणि शेठ तिथेच अडखळले. समोर सगळी आळी होती, हात जोडायला उभी.

"मी बघतेय," म्हटलं. "ही आळी बघतेय. तुम्ही एकटेच बघत नाय, कारण तोंड तुमच्याकडं हाय."

झांजा थांबल्या. पलीकडच्या घरातली म्हातारी दोन पावलं पुढे आली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "खरंच की गो! मागनं देव उघडाच निघाला." कुणीतरी फिसकन हसलं. शेठचा चेहरा लाल झाला. वळून आत जावं तर तेही जमेना, आणि मूर्ती खाली ठेवावी तर एकदा उचललेला गणपती घरीच टेकतो, वाटेत नाही.

"मग धरून उभे राहा," मी म्हटलं आणि अंबाड्यातून ब्रश काढला.

शेठचा मुलगा माझ्याकडे बघत होता. तो आत गेला. मला वाटलं, आता चार माणसं आणून मला हाकलतो. तो सोनेरी रंगाची डबी घेऊन आला, झाकण उघडलं आणि डबी तळहातावर धरून माझ्याशेजारी उभा राहिला.

एरवी मूर्ती माझ्या हातात फिरते. त्या दिवशी मूर्ती फिरणार नव्हती, म्हणून मी फिरले. करंगळी पाटाच्या कडेला टेकवली, श्वास सोडला आणि पाठीच्या मधोमध पहिलं पान काढलं. मग दुसरं. फूल. शेंग. शेठचे हात कापायला लागले तशी मी ओरडले, "हलू नका!" शेठना मी ओरडले, बघा.

"हात भरून आलेत गो," शेठ म्हणाले.

"माझे रोज भरून यायचे."

डावी बाजू झाली, उजवी झाली. सांधा दुमडलेल्या पायाखाली. तिथे पोचायला मला शेठच्या कोपराखालून डोकं घालावं लागलं. आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू देत. शेवटचं पान जुळलं, एकावर एक न चढता. मी बाहेर आले आणि ब्रश पदराला पुसला.

शेठनी पाट छातीशी नीट धरला. मग म्हणाले, "दिवाळीनंतर नवं काम सुरू झालं की ये. ब्रश घेऊन ये."

"ब्रश कुठं गेलाच नव्हता," म्हटलं, आणि तो परत अंबाड्यात खोचला.

झांजा सुरू झाल्या. शेठनी पाऊल उचललं आणि परत थांबले. त्यांच्यासमोर नुसता रुमाल होता. हळूच विचारलं, "कसं झालंय?"

"तुम्हाला नाय दिसायचं. वाटेत लोकांना विचारा."

ते निघाले. मी बाजूला झाले. म्हातारीनं हात जोडले, तिच्या शेजारणीनं जोडले, मग पुढच्या दारातल्या बाईनं. शेठ मूर्तीवरून मान उंच करून प्रत्येकीकडे बघत चालले होते, ती कुठं बघतेय ते.