डिकीतल्या फळीवरचे चार ठिपके

लिंबू चिरायला घेतले की मला अजूनही एक क्रीम रंगाची गाडी आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले पुष्कळ आता धूसर झाले. ही साधी वाहनचोरीची केस मात्र तपशिलासकट डोक्यात बसली आहे.

मी मूळचा पुण्याचा. तरुणपणी न्यूझीलंडला आलो, दोन-चार नोकऱ्या करून पोलिसात भरती झालो आणि ऑकलंडमध्येच डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून निवृत्त झालो. नावे कुणाचीच देणार नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

दोन हजारच्या दशकाचा मध्य असेल. दक्षिण ऑकलंडमधल्या आमच्या ठाण्यात सकाळच्या बैठकीत गाड्यांच्या चोऱ्या हा रोजचाच विषय असे. बहुतेक गाड्या काही दिवसांत कुठल्यातरी मैदानाच्या कडेला, चाके काढलेल्या अवस्थेत सापडत आणि प्रकरण मिटे. या फाइलबरोबर मात्र विमा कंपनीचा तपासनीस स्वतः आला होता. तक्रारदार एक मराठी मेकॅनिकल इंजिनियर, राहायला पापाटोएटोला, नोकरी माउंट वेलिंग्टनला. त्याच्या गॅरेजमधून सत्तरच्या दशकातली एक सेदान गेली होती. कुलूप फोडलेले नाही, दार उचकटलेले नाही, आणि चोरीच्या थोडेच आधी विम्याची रक्कम वाढवलेली. तपासनिसाच्या मते गाडी त्यानेच कुठेतरी लपवली होती.

कागदावर मलाही तसेच दिसत होते. इंजिनियर मराठी आहे म्हणून मी त्याला सूट देणार नव्हतो. उलट अशा वेळी मी जरा जास्तच कडक असे. तो माझ्याच भाषेचा आहे हे मी वरिष्ठांच्या कानावर घातले आणि माझ्यासोबत एक माओरी सहकारी घेतली. ती माझ्यापेक्षा लहान, पण तपासात कुणाचे ऐकणारी नव्हती.

त्या माणसाचे काय पणाला लागले आहे ते पहिल्याच जबाबात कळले. पुण्यातला फ्लॅट विकून नवरा-बायको इथे आली होती. रेसिडन्सीचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज निकालाच्या टप्प्यावर होता. विम्याच्या फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला असता तर अर्ज गेला असता, अर्जामागे नोकरी, आणि मग दोघांना बॅगा भरून परत जावे लागले असते.

"सर, ती गाडी मी का लपवेन? ती मी शोधून काढलीय," तो म्हणाला.

"विकत घेतलीत, असं म्हणा," मी म्हणालो.

"विकत कोणीही घेईल. ती काय आहे हे मी शोधून काढलं."

आणि मग बराच वेळ तो फक्त गाडीबद्दल बोलला. खोटे बोलणारा माणूस आपल्या निर्दोषपणाबद्दल बोलतो. हा ब्रेकबद्दल बोलत होता.

टौरंगाजवळ एका गुरांच्या डॉक्टरची विधवा राहते घर सोडून शहरात जाणार होती. तिच्या किवीफळांच्या बागेतल्या शेडमध्ये ही गाडी उभी होती. ना पट्टे, ना चमकदार क्रोम, ना इंजिनाचा मोठेपणा सांगणारा बिल्ला. आत गालिच्याऐवजी रबरी मॅट, पुढे एकसंध लांब सीट. गरीब घरची गाडी म्हणूनच त्याने ती स्वस्तात घेतली. महिन्याभराने ब्रेकचे पॅड बदलायला गेला तर त्या मॉडेलचे पॅड बसेनात. चाकामागचे ब्रेक भलतेच मोठे. मग त्याने गिअरबॉक्स पाहिला, मागचा ॲक्सल पाहिला, इंजिन पाहिले. सगळे त्याच कंपनीच्या सर्वांत दांडग्या, शर्यतीत धावणाऱ्या व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या गाडीचे.

जुन्या गाड्यांच्या क्लबात त्याने हे सांगितले तेव्हा मंडळी हसली. अशी गाडी कंपनीने बनवलीच नाही, कोणीतरी मागाहून सुटे भाग बसवले असणार, असा निकाल देऊन ती मोकळी झाली. पण हा मागे हटणारा नव्हता. इंजिन धरणारे ब्रॅकेट हाताने नव्हे, कारखान्यातल्या साच्यात वेल्ड केलेले आहेत हे त्याने त्यांना गाडीखाली झोपवून दाखवले. मग डॉक्टरांच्या पत्नीला फोन लावला. ती सहज म्हणाली, "ह्यांना घोड्यांचा ट्रेलर घेऊन काइमाईचा डोंगर चढायचा असायचा. डीलरला सांगून खास बनवून घेतली. आणि साधीच दिसायला हवी होती, नाहीतर शेतकऱ्यांना वाटलं असतं, डॉक्टर फी जास्त लावतो."

अशा 'स्पेशल ऑर्डर' गाड्या इथल्या कारखान्याने थोड्याफार बनवल्या होत्या, हे गाडीवेड्यांना कळले ते असे. इतकी वर्षे ते पट्टे आणि बिल्ले शोधत होते आणि खरा माल साध्या वेषात त्यांच्या नाकासमोरून जात होता. त्यानंतर लोक शेडमधल्या प्रत्येक जुनाट सेदानच्या मॅटखाली डोकावू लागले. या गाडीचा भाव चढला आणि क्लबच्याच सल्ल्याने त्याने विमा वाढवला.

हे सगळे पटण्यासारखे होते. पण मी शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला, "गाडीवर तुमची अशी काही खूण? ओरखडा, डाग, काहीही?" त्याने दोन-तीन यांत्रिक खुणा सांगितल्या. "आणखी काही?" या प्रश्नावर तो थांबला आणि टेबलाकडे पाहत म्हणाला, "नाही सर." माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस काहीतरी गिळत होता. जबाब संपल्यावर माझी सहकारी म्हणाली, "मला तो आवडला. पण तो लपवतोय."

खबर आली ती क्लबातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडून. इंजिनियरला हसणाऱ्यांत तीही होती, आणि नंतर सर्वांत आधी माफी मागणारीही तीच. तिने फोनवर सांगितले की टौरंगाच्या एका गॅरेजवाल्याने दुसरी स्पेशल ऑर्डर गाडी विक्रीला काढली आहे, गडद निळी. "तीस वर्षं मी या गाड्यांच्या मागे आहे. इतक्या वर्षांत एकही दिसली नाही आणि आता एका वर्षात दोन? मला नाही पटत." हाच गॅरेजवाला आधी क्लबच्या मेळाव्यातही येऊन गेला होता, असे ती म्हणाली.

मी इंजिनियरला फोन केला. हो, तो गृहस्थ घरी गाडी पाहायला आला होता. त्याला पोहे केले, चहा केला. चहा होईपर्यंत तो किल्ल्या घेऊन एकटाच गॅरेजमध्ये फोटो काढत होता. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याच्या हातात किल्ली देऊन स्वयंपाकघरात जाणारे लोक मी इथे दुसरे कोणी पाहिले नाहीत.

झडतीचे वॉरंट घेऊन आम्ही टौरंगाला गेलो. गाडी जप्त केली, पण हाती काही लागेना. नंबर एका अपघातात गेलेल्या साध्या सेदानचे होते. चासीवर जिथे क्रमांक कोरलेला असतो तिथला पत्रा गंजला म्हणून बदलला होता, आणि जुन्या गाडीत ते नवल नाही. इंजिनियरने सांगितलेल्या यांत्रिक खुणांपैकी काही मिटवलेल्या होत्या, काही तशा कुठल्याही गाडीत असू शकतात. गॅरेजवाला हाताची घडी घालून उभा होता.

मग माझ्या सहकारिणीने डिकीतली, स्टेपनीवर झाकण म्हणून ठेवलेली हार्डबोर्डची फळी उलटली. मागच्या कच्च्या बाजूवर लालसर तपकिरी रंगात स्वस्तिक होते. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

गॅरेजवाला लगेच म्हणाला, "ते घाणेरडं आहे, मला माहितेय. साउथ आयलंडमध्ये ज्याच्याकडून घेतली तो टकलू नाझी होता. घासलं, पण जात नाही."

"फळी बदलली का नाही?" मी विचारले.

"मूळची फळी आहे, मित्रा. ओरिजिनल गाडीतलं काही बदलत नसतात. गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघतं."

माझी सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्हणजे ही गाडी वेगळ्याच कुणाची होती. तुझ्या इंजिनियरचं संपलं."

मी फळीकडे पाहत होतो. ते स्वस्तिक सरळ उभे होते, तिरपे नव्हे. चार घरांत चार ठिपके होते आणि दोन्ही बाजूंना एकेक उभी रेघ. असले स्वस्तिक मी लहानपणी आमच्या उंबऱ्यावर, वह्यांवर, नव्या सायकलवर पाहिले होते. जर्मनीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. अडचण एकच होती. कुंकू असते तर घासल्यावर निघून गेले असते, आणि हळदीने काढले असेल तर ते पिवळे हवे, हे लाल होते.

घरी आलो आणि मोरीत उभा असताना उत्तर सापडले. पांढऱ्या शर्टावर वरण सांडले आणि आईने त्याला साबण लावला की डाग लालभडक होई, हे मराठी घरात कुणाला सांगावे लागत नाही. मी एका लाकडाच्या तुकड्यावर हळद लावली, वाळू दिली, त्यावर ओवन साफ करायचा स्प्रे मारला. लाल. मग मागच्या अंगणातल्या झाडाचे लिंबू तोडून पिळले. पिवळे. बायको दारात उभी राहून पाहत होती. "जेवायला येताय की प्रयोग चालू आहे?" ती म्हणाली. मी जेवायला गेलो आणि पोटभर जेवलो.

पण हळद सिद्ध होणे पुरेसे नव्हते, ती कुणाची हे सिद्ध व्हायला हवे होते. फळी पुरावा-कक्षात सीलबंद होती. नवरा-बायकोने ती पाहिलेली नव्हती आणि तिच्याबद्दल त्यांना कुणी काही बोललेही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी पत्नीला जबाबाला बोलावले. कॅमेरा चालू. मराठी येत असूनही मी प्रश्न इंग्रजीतच विचारले, आणि दुभाषी बाजूला बसवला, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको.

"गाडी घेतली त्या दिवशी काय काय केलंत?"

तिने दुभाष्याकडे पाहिले आणि मराठीत म्हणाली, "पूजा केली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला."

"आणखी?"

तिचे डोळे भरले. "ह्याने सांगितलंय, ते बोलायचं नाही."

"का?"

"मी बॉनेटवर स्वस्तिक काढणार होते. हा म्हणाला, इथे लोक वेगळा अर्थ घेतात, शेजारी पोलिसांना बोलावतील. म्हणून मग मी ते हळदीने आत काढलं, डिकीतल्या फळीच्या मागे, कुणाला दिसणार नाही असं. रेसिडन्सीच्या वेळी पोलिसांच्या कागदावर स्वस्तिक हा शब्द आला तर काय होईल, अशी ह्याला भीती वाटते."

मला त्या क्षणी त्या इंजिनियरचा राग आला आणि वाईटही वाटले. जी एकच खूण त्याला वाचवू शकत होती ती त्याने भीतीपोटी गिळली होती.

मी कागद पुढे केला. तिने अनामिकेने हवेत एकदा गिरवून पाहिले, मग पेनने काढले. स्वस्तिक, चार ठिपके, डावीकडची रेघ. उजवीकडची रेघ तिने अर्ध्यातच सोडली.

"ही आखूड का?"

"तिथे खाली लाकडाची पट्टी येते ना. बोट पुढे जाईना."

फळीवरची उजवी रेघ नेमकी त्या पट्टीपाशी थांबली होती.

गॅरेजवाल्याला आम्ही नंतर बोलावले. तो वकिलासह आला, निवांत बसला. मी त्याला हक्क वाचून दाखवले आणि सगळी कहाणी पुन्हा सांगायला लावली. फळी मूळची का? मूळची. गाडी घेतली तेव्हा खूण होती? होती. मग मी विचारले, "तेव्हा ती कोणत्या रंगाची होती?"

"लाल. आतापेक्षाही लाल."

"घासण्याआधी?"

"घासण्याआधी."

माझ्या सहकारिणीला मी आदल्या दिवशीच तो लाकडाचा तुकडा दाखवला होता. तिने वहीतून डोके वर केले नाही, पण हसू तिला लपवता आले नाही. साबण लागल्याशिवाय तो डाग लाल होऊच शकत नव्हता. आधी तो पिवळाधमक असणार, आणि पिवळे स्वस्तिक काढणारा टकलू नाझी निदान माझ्या ऐकिवात नाही. प्रयोगशाळेने आधीच सगळे फोटो घेऊन एका ठिपक्यावर सौम्य आम्ल टाकले होते आणि हळद असल्याचा अहवाल दिला होता. अहवाल आणि तो कागद समोर ठेवल्यावर वकिलाने पाच मिनिटे मागितली. परत आल्यावर गॅरेजवाल्याने चोरी कबूल केली, किल्लीचा साचा कसा घेतला तेही सांगितले.

रेसिडन्सी मिळाल्याचे मला इंजिनियरनेच फोन करून कळवले. पुढे कोर्टातून फळी परत मिळाली त्या दिवशी दोघे ठाण्याच्या आवारात गाडी घेऊन आले. गाडी पुन्हा क्रीम रंगाची झाली होती. सोबत ती शिक्षिकाही होती. इंजिनियर फळी हातात धरून म्हणाला, "सर, हे आता पॉलिशपेपरने घासून काढून टाकतो."

"हात लावू नकोस," शिक्षिका म्हणाली. "ते आता ओरिजिनल आहे."

पत्नीने पर्समधून हळदीची पुडी काढली आणि नवऱ्याकडे पाहिले. तो आमच्या ठाण्याच्या पाटीकडे पाहत होता. माझी सहकारी म्हणाली, "इथे काढ, पुढे. मला दिसेल असं." पत्नीने बॉनेटवर स्वस्तिक काढले. या खेपेला उजवी रेघ पूर्ण होती.

त्या केसनंतर मी जबाबातला माझा एक प्रश्न कायमचा बदलला. "आणखी काही?" असे मी विचारणे सोडले. "मला सांगायला लाज वाटेल असं काही?" असे विचारू लागलो, आणि पुष्कळ निरपराध माणसे त्या प्रश्नाने सुटलेली मी पाहिली. गाडीवेडी मंडळी जशी बिल्ले शोधत राहिली आणि गाडी हुकली, तसेच आम्ही पोलीस लपवाछपवी दिसली की अपराध शोधतो. त्याखाली पुष्कळदा नुसती भीती असते.

ती गाडी आजही क्लबच्या मेळाव्याला येते. इंजिनियर डिकी उघडतो, फळी उलटतो आणि जमलेल्यांना सगळे सांगतो, आता कुणाला न भिता. फळीवरचे तीन ठिपके लाल आहेत. चौथा, प्रयोगशाळेने आम्ल टाकलेला, पिवळा आहे. तो ठिपका सरांचा, असे इंजिनियर सगळ्यांना सांगतो, आणि मी ते नाकारत नाही.