पाळण्याची कडी

अ‍ॅमस्टरडॅमची जुनी घरं रस्त्याच्या बाजूनं राजवाड्यासारखी सजलेली आहेत. आत मात्र अरुंद जिने आणि बेताच्या खोल्या. ती बांधणाऱ्या व्यापाऱ्यांचा दिमाख रस्त्यापुरताच असावा. माझ्या बाळंतपणासाठी आलेल्या आईला मी आज दिवसभर ती घरं दाखवत हिंडले. तिला दिमाख दिसलाच नाही. तिची नजर प्रत्येक घराच्या शेंड्यावरच्या लोखंडी आकड्यावर.

"अगं, इथे पाळणा घराबाहेर टांगतात?"

"आई, तो सामान वर ओढायला आहे. जिन्यातून कपाट जात नाही ना," मी पुस्तकात वाचलेलं ऐकवलं. "आणि ते भिंतीला घासू नये म्हणून घरं अशी पुढे झुकवलीत."

"कपाटाची केवढी काळजी! आणि तुझ्या घरात साधी कडी नाही. बारशाला पाळणा कुठे बांधू?"

आल्यापासून ती आमच्या गुळगुळीत छताकडे का बघत होती, ते आत्ता कळलं. बॅगेतून तिने पाळण्याच्या दोऱ्याही आणल्या होत्या. भाड्याच्या घरात छताला भोक पाडता येत नाही, हे मला सांगावंच लागलं.

घरी आल्यावर तिने आपली जुनी, मऊ साडी काढून चौपदरी केली, मध्ये बाळाएवढी उशी ठेवली आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"घट्ट धर गं."

दुसरं टोक तिने धरलं. उशी हलकेच झुलू लागली. पोटाला घासू नये म्हणून आम्हा दोघींना जरा पुढे झुकावं लागत होतं, त्या घरांसारखं.